वालाच्या मुळांना गाठी का आल्या नाहीत: खाडीकाठच्या वीस गुंठ्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबरातल्या एका प्रॅक्टिकलला तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं पिशवीतून उपटलेलं वालाचं रोप काढून माझ्या टेबलावर ठेवलं. खालची पानं पिवळी, वरची फिकी, मुळं धुतलेली. म्हणाली, "मॅडम, काकाच्या शेतातलं आहे. तुम्ही शिकवलेल्या गाठी दिसतच नाहीत." मी उपनगरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शेंगवर्गातल्या पिकांच्या मुळांवरच्या गाठींवर माझी दरवर्षी दोन व्याख्यानं होतात. पण वाल नेमका कुठल्या मातीत उभा आहे हे बघायला मी त्याआधी कधी गेले नव्हते, ही कबुली इथेच देते.

शेत गोराई-मनोरीच्या पट्ट्यातलं. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरी बोटीत बसलं की काही मिनिटांत मुंबई मागे पडते आणि तरीही आपण मुंबईतच असतो. घरची ओळख पटू नये म्हणून गाव, जात, आडनाव काहीच देत नाही. नवऱ्याला दादा आणि बायकोला वहिनी म्हणते, प्रत्यक्षातही तेच म्हणत होते. वीस गुंठे जमीन, खाडीकडे उतरत जाणारी तीन खाचरं. खालच्या खाचराला लागून खारबांध, बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं फळकुटाचं दार, आणि पलीकडे तिवरं. पावसाळ्यात भात, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल. बाजारात विकण्याइतका कधीच नाही, घरची डाळ आणि जानेवारीत पोपटी लावण्यापुरता, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्यापुरता.

अडचण

चार-पाच हिवाळ्यांपासून खालचं खाचर पिवळं पडत होतं आणि दरवर्षी पिवळेपणा थोडा वर चढत होता. दादांनी दुकानदाराला विचारलं. त्यानं रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी धरवणाऱ्या जिवाणूचं, पाकीट दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट. तिसऱ्या वर्षी पाकीट आणि युरिया. युरियानं पानं हिरवी झाली, शेंगा मात्र धरल्या नाहीत. मातीची तपासणीही करून झाली होती. अहवालात क्षारता, म्हणजे मातीतल्या मिठाचं माप, 0.9 डेसीसायमन (प्रति मीटर), शेरा "सामान्य". त्यामुळे मीठ हा विषय घरात निकालात निघाला होता.

पहिल्या भेटीत मी तिन्ही खाचरांतली रोपं खुरप्यानं मातीच्या गोळ्यासकट काढली आणि बादलीत हळू धुतली. उपटलेल्या रोपाच्या गाठी मातीतच राहतात, म्हणून विद्यार्थिनीनं आणलेल्या रोपावर मी विसंबले नाही. वरच्या खाचरातल्या रोपांवर पंधरा-वीस गाठी होत्या, नखानं फोडल्या की आत गुलाबी. मधल्या खाचरात चार-पाच, मोहरीएवढ्या, आतून हिरवट-तपकिरी. खालच्या खाचरातल्या सहा रोपांत मिळून दोन.

दादा वाकून बघत होते. वरच्या गाठी दाखवून म्हणाले, "ह्या गाठी म्हणजे रोग नाय ना? मी ह्याच्यासाठी औषध मारायच्या बेतात होतो." सूत्रकृमीच्या गाठीत मूळच सुजतं, ती सोलून निघत नाही, रायझोबियमची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, बोटानं टपकन सुटते आणि आतून गुलाबी निघते. हा फरक कळल्यावर त्यांनी औषधाचा बेत सोडला.

निघताना वहिनींनी चहा दिला. त्या म्हणाल्या, "चहा घरातल्या नळाच्या पाण्याचा आहे हो. विहिरीच्या पाण्यात दिवाळीनंतर डाळ शिजत नाय." मी हसून मान डोलावली आणि चहा प्यायले.

गाठ बनताना आत काय चालतं

पुढचे निर्णय का चुकले आणि का सुधारले ते कळायला एवढं बघावं लागेल.

हवेतला नायट्रोजन वनस्पतीला थेट घेता येत नाही. शेंगवर्गातली पिकं तो जिवाणूंकडून घेतात, हे 1880 च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी दाखवलं. 1888 मध्ये बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा केला. व्यवहार असा: कोवळं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. ती ओळखून जिवाणू उत्तरादाखल नॉड घटक नावाचा संदेश-रेणू सोडतो. मग मूळकेस छत्रीच्या मुठीसारखा वळतो, त्या वळणात जिवाणू अडकतो आणि तिथून एक बारीक नळी आत शिरते, तिला संसर्गतंतू म्हणतात. दरम्यान आतल्या पेशी विभागायला लागतात आणि गाठ उभी राहते. गाठीत नायट्रोजनेज हे विकर काम करतं. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला त्याला पेशीतल्या ऊर्जेची नाणी, म्हणजे एटीपी, किमान 16 लागतात, म्हणजे झाडाची साखर भरपूर जाते. शिवाय हे विकर ऑक्सिजननं बिघडतं, पण जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन हवाच. हा तोल सांभाळतं लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नातेवाईक. गुलाबी रंग त्याचाच.

मीठ या साखळीत अनेक ठिकाणी हात घालतं, पण सगळीकडे सारख्या जोरानं नाही. सर्वांत नाजूक टप्पा सुरुवातीचा: मूळकेस आखूड आणि कमी होतात, ते वळत नाहीत, संसर्गतंतू अर्ध्यावर थांबतो. सोडियम कॅल्शियमची जागा अडवतं आणि या संदेशांची देवाणघेवाण कॅल्शियमवर चालते. गाठ एकदा तयार झाली की ती थोडी दम धरते. पण मीठ वाढलं तर तिला साखर कमी मिळते, तिच्या सालीतून आत जाणारा ऑक्सिजन आक्रसतो, लेगहिमोग्लोबिन मोडतं आणि गुलाबीची हिरवी होते. मधल्या खाचरात मी तेच बघितलं होतं.

आणि जिवाणू? तो या तिघांत, म्हणजे झाड, गाठ आणि जिवाणू यांत, बहुधा सर्वांत चिवट. पेशीत ट्रेहॅलोज, ग्लुटामेट असली द्रव्यं साठवून तो बाहेरच्या मिठाचा ताण पेलतो. चवळी गटातले, म्हणजे वालाला लागणारे, सावकाश वाढणारे जिवाणू त्यातल्या त्यात हळवे. तरी जिथे वालाचं मूळ हात टेकतं तिथे ते बहुतेकदा जिवंत असतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी उलट वागले.

समोर असलेले पर्याय

महिन्याभरात इतके सल्ले जमले की दादा म्हणाले, "आता सल्ल्यांचंच पीक घेतो."

दुकानदाराचा सल्ला नव्या, "मीठ सोसणाऱ्या" पाकिटाचा. कुणा ओळखीच्या कृषी पदवीधराचा जिप्सम टाकायचा. शेजाऱ्याचा, खालचं खाचर पाण्याखाली सोडून जिताडा पाळायचा. दादांचा स्वतःचा कल युरिया वाढवण्याकडे. वहिनींचं म्हणणं उघाडीचं फळकूट आधी बदला. आणि माझा, म्हणजे कॉलेजचा, पर्याय: वरच्या खाचरातल्या गाठींतून जिवाणू काढायचे, वाढत्या मिठावर वाढवायचे, टिकेल तो निवडायचा आणि त्याचंच संवर्धक बनवायचं. विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळणार होता, मला एखादा शोधनिबंध. आम्ही तोच निवडला. वहिनींचं फळकूट यादीत सगळ्यात शेवटी होतं.

पहिली निवड आणि सहा आठवडे

काँगो रेड घातलेल्या माध्यमावर गाठींतून बारा जिवाणू मिळाले. एक टक्का मिठावर निम्मे गळले, दोन टक्क्यांवर तीन उरले, तीन टक्क्यांवर एक. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात, म्हणजे तो पठ्ठ्या जवळजवळ खाडीच्या पाण्यात वाढत होता. मुलांनी त्याचं बारसं केलं. खालच्या खाचराची माती कुंडीत भरून वाल लावला, बियाण्याला गुळाच्या पाण्यातून हा जिवाणू चोळला आणि वाट बघितली.

तिसाव्या दिवशी कुंड्या उलट्या केल्या. गाठी नाहीत. एका रोपावर एक होती, तीही पांढरी.

तेव्हा कुठे मी कागदावर हिशेब केला, जो पहिल्या दिवशी करायचा होता. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती जेमतेम भिजेल इतकंच पाणी घालून काढलेल्या द्रवाची, क्षारता डेसीसायमनमध्ये घेऊन 640 ने गुणली की लिटरमागे साधारण किती मिलिग्रॅम क्षार ते निघतं. खालच्या खाचराची क्षारता आम्ही तोवर मोजली होती: 9 च्या आसपास. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. माती सुकत जाते तसा हा आकडा दुप्पट होतो असं धरलं तरी एक टक्क्याच्या जवळ. आमचे निम्मे जिवाणू एक टक्क्यावर निवांत वाढले होते, म्हणजे मिठावर टिकणारा जिवाणू शेतात आधीच होता. आम्ही ज्याची परीक्षा घेत होतो तो नापास होणारा विद्यार्थीच नव्हता.

दुसरा प्रयोग

यावेळी पाच लिटरचे तेलाचे डबे कापून कुंड्या केल्या आणि कुठल्याही कुंडीत जिवाणू घातला नाही. बियाणं घरगुती ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन घेतलं, म्हणजे बियाण्यावरून काही जायला नको.

पहिल्या गटात खालच्या खाचराची माती जशीच्या तशी. दुसऱ्यात तीच माती, पण नळाच्या पाण्यानं सहा वेळा धुतलेली, खालून निथळणाऱ्या पाण्याची क्षारता 1 च्या खाली येईपर्यंत. तिसऱ्यात वरच्या खाचराची माती. चौथ्यात वरच्याच खाचराची माती, मिठाचं पाणी घालून खालच्या खाचराइतकी खारी केलेली. पाचव्यात धुतलेली माती, पण तीन आठवड्यांनी मीठ दिलेली.

तिसाव्या दिवशी पहिल्या गटात जवळपास काहीच नाही. धुतलेल्या मातीत मात्र रोपामागे डझनभर गाठी, फोडल्या की गुलाबी. बाहेरून एकही जिवाणू न घालता. म्हणजे खालच्या खाचरात जिवाणू इतकी वर्षं होतेच, मुळाकडून हाक येण्याची वाट बघत. वरच्या मातीला मीठ दिल्यावर गाठी दोन-तीनवर आल्या. पाचव्या गटातल्या गाठी गळल्या नाहीत, पण संख्या तिथेच थांबली आणि आतला रंग मळकट हिरवा झाला.

दादा आणि वहिनी त्या दिवशी कॉलेजात आले होते. वहिनींनी धुतलेल्या मातीतली गाठ फोडली, बोटाला लागलेला गुलाबी रस बघितला आणि म्हणाल्या, "मंग माती धुवायचीच की. पाऊस फुकट धुतो."

अहवाल "सामान्य" का म्हणाला

इथे थोडं थांबते, कारण खाडीकाठच्या कुणालाही ही चूक होऊ शकते. प्रयोगशाळेचा आकडा चुकीचा नव्हता. नमुना सप्टेंबरात घेतला होता, मुंबईचा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावरून गेल्यावर. तेव्हा मीठ खाली ढकललेलं असतं. पाऊस थांबला की ऊन माती सुकवतं आणि खालचं खारं पाणी केशाकर्षणानं वर चढत राहतं. डिसेंबरच्या सकाळी खालच्या खाचरात पांढरी पापडी दिसते ती त्याचीच.

दुसरं, तिन्ही खाचरांची माती एकत्र कालवून एक नमुना दिला होता. सरासरीनं खालचं खाचर झाकलं गेलं.

तिसरं सगळ्यात फसवं. नेहमीच्या तपासणीत एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून क्षारता मोजतात. पिकांच्या सहनशीलतेचे तक्ते मात्र संपृक्त अर्काचे असतात, ज्यात पाणी फार कमी असतं. आमच्या चिकण मातीत दोन आकड्यांत तिपटीहून जास्त फरक पडला: मधल्या खाचराचा पातळ द्रावणातला आकडा 1.5, संपृक्त अर्कातला 5 च्या वर. तक्त्यात मुगाची मर्यादा 1.8, भाताची 3, चवळीची 4.9 डेसीसायमन आहे. अहवालातला 0.9 या तक्त्याशेजारी ठेवला की सगळं आलबेल दिसतं.

पुढच्या हंगामात काय केलं

जिप्सम रद्द केलं. ते चोपण जमिनीचं औषध आहे, जिथे सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो आणि सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो. इथला सामू 7.4 होता. अशा जमिनीला गोडं पाणी आणि निचरा लागतो.

युरियावर वाद झाला. दादांना डोळ्यांनी दिसलेला हिरवेपणा सोडवेना. आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी धरायला नाखूष असतं, हे सांगून पटलं नाही. वरच्या खाचरात एका वाफ्याला युरिया देऊन शेजारच्याशी गाठी मोजल्या तेव्हा पटलं.

मुख्य काम वहिनींच्या यादीतलं झालं. उघाडीचं फळकूट कुजून एका बाजूला बोटभर फट पडली होती. उधाणाच्या प्रत्येक भरतीला तिथून पाणी आत यायचं. मे महिन्यात भांगाच्या, म्हणजे भरती लहान असते त्या, दिवसांत गावकीतल्या चार जणांनी मिळून फळकूट बदललं आणि बांध आतल्या बाजूनं मातीनं चोपला. बाहेरच्या बाजूला हात लावला नाही; 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिवरं तोडणं हा प्रश्नच नाही, आणि ती लाटा अडवतात हे दादांनाही ठाऊक आहे. जून-जुलैत लावणीआधी खालच्या खाचरात पावसाचं पाणी तीनदा कोंडून ओहोटीला सोडून दिलं.

भात कापल्यावर एरवी जमीन दोन-तीन आठवडे उघडी पडायची. यंदा चौथ्या दिवशी वाल टोकला आणि लगेच पेंढा पसरला. कारण सरळ होतं: गाठी धरण्याचा निर्णय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होतो, तेवढा काळ मुळाला मिठाच्या पुढे राहायला मिळालं तर पुढचं बरंच सोसतं. मधल्या खाचरात वरंबे केले आणि बी माथ्यावर न टोकता बगलेला टोकलं, कारण मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतं. पहिलं पाणी विहिरीचं न देता खड्ड्यात साठलेल्या पावसाच्या पाण्याचं दिलं. खालच्या खाचराच्या वरच्या अर्ध्यात वालाऐवजी चवळी. बांधालगतच्या पट्टीत हिवाळी पीकच नाही, तिथे मे-जूनमध्ये ढैंचा, हिरवळीच्या खताचं पीक. त्यालाही गाठी येतात आणि मीठ तो बऱ्यापैकी सोसतो.

पाकिटाबद्दल एक गंमत. जुनी पाकिटं मी मागवून बघितली तर त्यातली दोन हरभरा गटाची निघाली. हरभऱ्याचा जिवाणू वालाला गाठी धरवत नाही. म्हणजे दोन वर्षं दादांनी वालाला चुकीचा सोबती दिला होता आणि त्यानं काही बिघडलंही नव्हतं, कारण अडचण सोबत्याची नव्हतीच. यंदा चवळी गटाचं संवर्धक मधल्या खाचराच्या अर्ध्या भागात लावलं, अर्धा तसाच ठेवला. गाठींत फरक दिसला नाही.

काय हाती आलं

मधल्या खाचरात रोपामागे दहा-बारा गाठी आल्या आणि फुलोऱ्यापर्यंत गुलाबी राहिल्या. चवळी अर्धी-मुर्धी साधली. बांधाकडच्या ओळी खुज्याच राहिल्या. फेब्रुवारीत एका उधाणाला उघाडीखालून, नव्या फळकुटाच्या बुडाशी, पुन्हा पाणी पाझरलं आणि मधल्या खाचराच्या खालच्या कडेच्या गाठी आठवड्याभरात हिरवट झाल्या. तोवर शेंगा भरल्या होत्या म्हणून निभावलं. पोपटी झाली, मला एक मडकंही आलं.

पुन्हा करायचं झालं तर

धुतलेल्या मातीची कुंडी पहिल्या आठवड्यात लावीन. तिला तेलाचा डबा, नळाचं पाणी आणि महिनाभराचा धीर एवढंच लागतं. "जिवाणू नाही की जिवाणूला मुळापर्यंत पोचता येत नाही" हा प्रश्न ती एकटी सोडवते. माझे सहा आठवडे आणि त्यांचा अख्खा हिवाळा वाचला असता. प्रकल्प म्हणून आमचं जिवाणू-निवडीचं काम वाईट नव्हतं, फक्त ते या शेताच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि हे मी मुलांना तेव्हा सांगितलं नाही.

पेंढ्याची एक पट्टी उघडी ठेवायला हवी होती. भरतीचं पाणी थांबणं, लवकर पेरणी, पेंढा आणि गोडं पाणी हे सगळं एकदमच केलं, त्यामुळे कशाचा वाटा किती ते आज छातीठोकपणे सांगता येत नाही. दादा म्हणतात पेंढा, वहिनी म्हणतात फळकूट.

आणि पहिल्या भेटीतला चहा. विहिरीच्या पाण्यात दिवाळीनंतर डाळ शिजत नाही, याचा अर्थ पाणी मचूळ झालं, भूजलात खाडी शिरली, हे त्या बाईनं मला पहिल्याच दिवशी तारखेसकट सांगितलं होतं. आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर डाळ न शिजण्याचा पहिला दिवस लिहिलेला असतो, शेजारी मी दिलेल्या खिशातल्या मीटरचा आकडा. यंदा डाळ 19 नोव्हेंबरला अडली. मीटरनं तो फरक दाखवला 23 ला.